मॅश्ड पोटॅटोसाठी पुरणयंत्र बरे की मिक्सर?

इंदूरच्या बाजारात मिळणारा माळव्याचा बटाटा पिठूळ असतो; त्यात पाण्याचा अंश आणि साखर कमी असल्यामुळेच वेफर्स करणारे कारखाने त्याला पसंती देतात. मऊसूत मॅश्ड पोटॅटोसाठीही तो उत्तम आहे. प्रश्न उरतो तो उकडलेला बटाटा कशाने मोडावा, एवढाच.

मिक्सरने वेळ वाचतो, याबद्दल वाद नाही. मात्र उकडताना बटाट्याच्या पेशींमधला स्टार्च पाणी शोषून फुगलेला असतो आणि वेगाने फिरणारी पाती त्या पेशी फाडून तो बाहेर काढतात. पाहता पाहता भांड्यात खळीसारखा चिकट, ताणला जाणारा गोळा तयार होतो आणि मग कितीही लोणी घातले तरी तो सुधारत नाही.

पुरणयंत्रात बटाटा जाळीतून हलकेच ढकलला जातो, त्यामुळे बहुतेक पेशी शाबूत राहतात. होळीनंतर माळ्यावर जाणारे हे यंत्र इथल्या बहुतेक मराठी घरांत असतेच, तेव्हा नवे काही विकत घेण्याची गरज नाही. बटाटे सोलून गरम असतानाच फिरवावेत, म्हणजे खाली भुरभुरीत, हलका कीस पडतो आणि गुठळी राहत नाही. अर्धा किलो बटाट्यांच्या या किसात आधी ५० ग्रॅम लोणी मिसळावे, मग साधारण १०० मिलिलिटर गरम दूध थोडे थोडे घालत डावाने हलवावे. जाळी घासण्याचे काम वाढते हे खरे, पण ती लगेच पाण्यात बुडवून ठेवल्यास फारसा त्रास होत नाही. मिक्सर सूपसाठी राखून ठेवावा.