डांगे चौकातला एजंट: नवीन फ्लॅट घेतानाचा अनुभव, साडेतीन स्टार

ऑफिसचं नाव टाकत नाहीये कारण खाली दोन तक्रारी पण आहेत आणि एजंट पोरगं तसं चांगलंय.

आम्ही सात-आठ महिने पुण्याच्या बाजूला वाकड, ताथवडे, पुनावळे असं टूबीएचके बघत फिरत होतो. आधीच्या एजंटांचा अनुभव म्हणजे, जाहिरातीत ६८ लाख, फोन केला की "तो कालच गेला मॅडम, पण ८१ चा एक भारी आहे". फोटोत स्विमिंग पूल, साईटवर जेसीबी. एकाने तर दुसऱ्याच बिल्डिंगचा बेडरूम टाकलेला, खिडकीतून डोंगर दिसत होता, ताथवड्यात कुठला आलाय एवढा जवळ डोंगर!

इथे पहिल्यांदा गेले तेव्हा भिंतीवर महारेराचं (बिल्डर आणि एजंटांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, रेरा कायद्याखालची) सर्टिफिकेट लावलेलं, व्हिजिटिंग कार्डावर ए ५२१ ने सुरू होणारा त्याचा रजिस्ट्रेशन नंबर. पोरगा स्वतःच म्हणाला, "ताई, हा नंबर आधी महारेराच्या वेबसाईटवर टाकून बघा, मग बोलू." जानेवारी २०२४ पासून ट्रेनिंग करून परीक्षा पास झाल्याशिवाय एजंटांना चालत नाही म्हणे, आणि हा पहिल्या वेळी नापास झालेला, हे पण त्यानेच हसत सांगितलं. मला ते आवडलं.

मग एक पॅम्फ्लेट समोर ठेवून म्हणाला क्यूआर स्कॅन करा. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रत्येक जाहिरातीवर हा कोड लागतो, मला माहीतच नव्हतं, मी तो पेमेंटचा समजून सोडून देत होते इतके दिवस 😅 स्कॅन केलं की प्रोजेक्टचं महारेराचं पान उघडतं. तिथे कळलं की ज्या बिल्डिंगचं पझेशन आम्हाला आधीच्या एकाने "पुढच्या दिवाळीत" सांगितलं होतं तिची तारीख वाढवून घेतलेली, दोन वर्षं पुढे. सासूबाईंनी तिथेच चहाचा कप खाली ठेवला.

दुसरी गोष्ट कारपेटची, म्हणजे घराच्या आतल्या जागेच्या मापाची, ही नीट वाचा. जाहिरातीत ७४० स्क्वेअर फूट "युजेबल" लिहिलेलं, रेरा कारपेट निघाला ६२५. रेराच्या कारपेटमध्ये घरातल्या आतल्या भिंती धरतात पण बाल्कनी आणि ओपन टेरेस धरत नाहीत, आणि युजेबल म्हणून सांगताना हे लोक ते सगळं त्यात घालतात. याने दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहून दिले, रेट कुठल्या आकड्यावर काढलाय ते पण. बाकी कोणी हे केलं नव्हतं.

नवऱ्याच्या ऑफिसमधल्या लोकांनी एका प्री-लाँचमध्ये (रेरा नंबर यायच्या आधीच विक्री) ईओआयचे, म्हणजे "घ्यायची इच्छा आहे" म्हणून आगाऊ द्यायचे, चेक दिलेले, म्हणून नवरा पण मागे लागला की आपणही देऊ, आत्ता स्वस्त पडेल. एजंटने सरळ नाही म्हणून सांगितलं. म्हणाला, "रेरा नंबर आल्याशिवाय जाहिरात पण नाही आणि बुकिंग पण नाही, मध्ये मी पडलो तर दिवसाला १० हजार दंड मला लागतो दादा, फ्लॅटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत." आता तो नियमासाठी नाही म्हणाला का त्या बिल्डरशी त्याचं टायअप नव्हतं म्हणून, देव जाणे. पण नाही म्हणाला हे खरं.

आणि बुकिंगच्या दिवशी बिल्डरच्या सेल्सवाल्या मुलीने २० टक्के भरा म्हटलं तेव्हा यानेच आठवण करून दिली की ॲग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही. ती आत जाऊन आली आणि १० वर तयार झाली, म्हणजे त्यांना पण माहीत होतंच ना.

आता तक्रारी. आमच्याकडून ब्रोकरेज एक रुपया घेतलं नाही, कारण नवीन प्रोजेक्टमध्ये त्याला बिल्डर देतो, त्यामुळे दाखवतो फक्त टायअपवालेच. समोरच्याच रस्त्यावरची बरी स्कीम आम्हाला आमची आम्ही शोधावी लागली. त्याला निष्पक्ष सल्लागार वगैरे समजून जाऊ नका. रिसेल दाखवायला सांगितलं तर उत्साह एकदम कमी, तिथे क्यूआर वगैरे काही नसतं, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीचं सभासदत्व दाखवणारं), सोसायटीची एनओसी हे सगळं स्वतः मागायचं, आणि तिकडे मात्र ब्रोकरेज आपल्यालाच द्यावं लागतं.

दुसरं म्हणजे आमचा फोन नंबर कुठे कुठे दिला माहीत नाही, बुकिंग झाल्यापासून होम लोनवाले, मॉड्युलर किचनवाले, पडदेवाले, सगळे "ताई, तुमचा फ्लॅट..." म्हणून सुरू. एक स्टार पूर्ण त्याचाच कापलाय, अर्धा टायअपचा.

जायचं असेल तर रविवारी जाऊ नका, तो साईटवर असतो आणि ऑफिसात बसलेल्या काकांना विचारलं की ते "तो आला की बोला" एवढंच म्हणतात.