१४५ कॅलरीचा तर्री पोहा: वजन कमी करायच्या पुस्तकापायी ६,४६५ रुपये गेले

आधी हिशेब. पुस्तक १,४९९ रुपये. कुरिअर १२०. मी न मागता बिलात शिरलेला 'मील प्लॅनर' ५९९. नंतर गळ्यात मारलेला मसाला-चूर्णाचा किट १,८५०. आणि 'सपोर्ट ग्रुप'च्या नावाखाली खात्यातून परस्पर कापले गेलेले ७९९, तीन महिने, म्हणजे २,३९७. एकूण ६,४६५ रुपये. हे लिहिताना लाज वाटते, कारण डब्यांचा व्यवसाय आहे माझा. तांदूळ, डाळ, तेल यांचं माप रोज माझ्या हातात असतं. पण लाजेपायी गप्प बसलं की हे पुस्तक विकणाऱ्यांचं फावतं. नागपुरात त्यांचं गिऱ्हाईक वाढतंय, म्हणून लिहिते.

जाहिरात कशी असते ते सगळ्यांना माहीत आहे. २,९९९ वर काट, खाली १,४९९, शेजारी उलटं धावणारं घड्याळ, 'आधी-नंतर'चे फोटो, 'खास वऱ्हाडी चवीच्या १०८ रेसिपी, २१ दिवसांत ७ किलो'. माझ्याकडे शुगरवाले, गुडघेदुखीवाले गिऱ्हाईक कमी तेलाचा डबा मागतात. त्यांच्यासाठी मोजूनमापून दिलेल्या, आपल्याच चवीच्या पाककृती मिळाल्या तर हव्या होत्या. ती गरज खरी होती आणि नेमकी तीच त्यांनी हेरली.

आता पुस्तकातल्या एका पानाबद्दल. नमुना म्हणून त्यांनी व्हॉट्सॲपवर एकच पान पाठवलं होतं: तर्री पोहा, म्हणजे पोह्यावर चण्याचा तिखट रस्सा. फोटोत वाटीभर तर्री, वर लालभडक तेलाचा तवंग, चणे, बारीक चिरलेला सांबार (कोथिंबीर), कडेला लिंबाची फोड. खाली बारीक अक्षरात '१ प्लेट – १४५ कॅलरी'. मी तो फोटो बघितला, कांदा कसा कापलाय ते बघितलं, आणि त्या आकड्यावरून नजर पुढे सरकली. त्याचीच चीड अजून जात नाही. एका प्लेटला कोरडे पोहे कमीत कमी ६० ग्रॅम लागतात. १०० ग्रॅम पोह्यात ३५० च्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे ६० ग्रॅमच्या २१० झाल्या. गॅस पेटवायच्या आधीच १४५ चा आकडा खोटा ठरतो! पुढे फोडणीला दोन छोटे चमचे तेल, ८०. मूठभर फल्लीदाणे (शेंगदाणे), १५ ग्रॅम, पुन्हा ८०. तर्रीत माणशी एक मोठा चमचा तेल धरलं तरी १२०, आणि चणे ६०. बेरीज ५५०. वर शेव-चिवडा टाकला तर आणखी वेगळं. १४५ आणि ५५० हा काही छपाईचा दोष नाही.

पण हेही सांगते की ते पान निवांत वाचू दिलं नव्हतं. 'एकदाच पाहता येईल' अशा प्रकारे पाठवलेला फोटो उघडला आणि बंद झाला. मागोमाग फोन, "ताई, शेवटच्या ११ कॉपी उरल्यात, नाव लिहून ठेवू का?" नमुना पान जपून ठेवता येत नसेल तर पुस्तक घेऊ नका. विकणाऱ्याला तुम्ही ते तपासायला नको आहे, एवढाच त्याचा अर्थ.

पुस्तक हातात आल्यावर एकेक पाककृती कागद-पेन्सिल घेऊन मोजली. त्यातली लबाडी कुठे कुठे आहे ते सांगते, कारण वजन घटवायच्या कुठल्याही पुस्तकात हीच ठिकाणं बघायची असतात.

गोळाभात घ्या, म्हणजे बेसनाचे गोळे घातलेला भात. साहित्यात 'तांदूळ १ कप, बेसन १ कप, तेल आवश्यकतेनुसार'. किती जणांसाठी, लिहिलेलंच नाही. खाली '१९० कॅलरी'. मापाचा कप २४० मिलिलिटरचा असतो. आपली आमटीची वाटी भरते १५० च्या आसपास. कप म्हणजे नेमकं काय तेच सांगितलं नाही, तर दीडपट फरक तिथेच पडला. २०० ग्रॅम तांदूळ ७१०, १०० ग्रॅम बेसन ३५०, गोळ्यांत मोहन दोन मोठे चमचे २४०, आणि वरून ओतायची फोडणी चार मोठे चमचे ४८०. झाले १,७८०. चौघांत वाटले तर माणशी ४४५. तेलाचा थेंबही घातला नाही तरी २६५ उरतात. १९० येणार कुठून?

तेलापुढे 'आवश्यकतेनुसार' लिहिलेलं पुस्तक वजन कमी करायच्या कामाचं नाही, मग ते कोणीही लिहिलेलं असो. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, एक ग्रॅम पिठात किंवा साखरेत ४. पंधरा मिलिलिटरचा मोठा चमचा म्हणजे १२० कॅलरी, एक-सव्वा पोळीच्या पिठाइतक्या म्हणा ना! घरातली फोडणीची पळी एकदा पाण्याने भरून औषधाच्या मापात ओतून बघा. माझी २५ मिलिलिटरची निघाली. पळीने तेल घालणाऱ्याने 'एक चमचा तेल' वाचलं की हिशेब गेलाच.

दुसरी चलाखी कच्चं-शिजलेलं. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५५ कॅलरी, शिजलेल्या भातात १३०, कारण पाण्याने वजन वाढतं. साहित्य कच्चं लिहायचं आणि कॅलरी शिजलेल्याच्या लावायच्या, हे या पुस्तकात वरण-भात, खिचडी, मोड आलेल्या मटकीची उसळ, सगळीकडे केलंय. ज्वारीची भाकरी मात्र बरोबर होती, ५० ग्रॅम पिठाची १७०. म्हणजे लिहिणाऱ्याला मोजता येत नव्हतं असं नाही.

तिसरी, 'साखर नाही'. ओट्सचे लाडू, 'एक लाडू ४० कॅलरी, मनसोक्त खा'. ओट्स १०० ग्रॅम ३८०, दाणे १०० ग्रॅम ५२०, गूळ १५० ग्रॅम ५३०, तूप चार मोठे चमचे ५००. बेरीज १,९३०, लाडू पंधरा. एकेक लाडू जवळजवळ १३० चा. गूळ, मध, खजूर यांनी साखरेची जागा घेतली म्हणून कॅलरी जात नाहीत; १०० ग्रॅम साखर ४०० तर गूळ ३५०. शुगरच्या माणसाने 'मनसोक्त' वाचून चार लाडू खाल्ले तर त्याचं काय होईल? हे पुस्तक विकणाऱ्याला याची पर्वा नाही, याचाच मला सर्वांत जास्त संताप आहे.

आणि तो मुख्य दावा. २१ दिवसांत ७ किलो. एक किलो चरबी उतरायला साधारण ७,७०० कॅलरींची तूट लागते. सात किलोला ५३,९००, भागिले २१, रोज २,५६६. बसून काम करणाऱ्या बाईची दिवसाची गरजच हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने १,६६० कॅलरी आहे. तिने पूर्ण उपास धरला तरी ही तूट पडणार नाही. आठवड्याला अर्धा किलो उतरणं हा नीट वेग. त्याहून फार मोठा आकडा छापला असेल तर पुस्तक खाली ठेवा.

मग त्या ग्रुपमध्ये बायकांचं पहिल्या आठवड्यात दोन-अडीच किलो कसं उतरत होतं? पाणी. पोळी-भात एकदम बंद केला की शरीरात साठवलेली साखर संपते आणि प्रत्येक ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी बाहेर पडतं. जेवण सुरू झालं की काटा परत वर. मग ग्रुपवाले म्हणायचे, "तुमची पचनशक्ती मंद आहे, किट घ्या." तो १,८५० चा किट. पाकिटावर अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक नाही, उत्पादनाची तारीख नाही, प्रमाण नाही. नुसतं 'सोनामुखी, हिरडा, बडीशेप'. सोनामुखी म्हणजे जुलाबाचं औषध. जुलाबाने काटा हलतो, चरबी हलत नाही. पाणी आणि क्षार जातात, रोज घेतलं तर आतड्याला त्याचीच सवय लागते. नागपूरच्या मे महिन्यात असं चूर्ण घेणं म्हणजे चक्कर येऊन पडायची तयारी. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय जेवण तोडूच नये, शुगर खाली जाऊन जिवावर बेततं. पुस्तकात याबद्दल एक ओळ नाही.

पैसे परत मागितले. 'वजन उतरलं नाही तर १०० टक्के परत' ही हमी होती. अट नंतर दाखवली: रोजच्या प्रत्येक जेवणाचा फोटो, रोज सकाळी काट्यावरच्या आकड्याचा फोटो, एकही चुकता कामा नये. ही अट विकायच्या आधी कुठेच नव्हती.

आता सरकारी दारं. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "पुस्तक मिळालं ना? मग फसवणूक कशाची?" मी गोळाभाताची बेरीज लिहून नेली होती, ती त्यांनी वाचूनसुद्धा पाहिली नाही. "रेसिपी चुकली म्हणून गुन्हा दाखल करायचा का बाई?" वजन उतरेल असं खोटं सांगून पैसे घेतले, न मागितलेल्या वस्तूचे घेतले, खात्यातून परस्पर घेतले, हे त्यांच्या लेखी रेसिपी चुकणं! तिथून सायबरकडे. सायबरवाले म्हणाले पैसे तुम्हीच पाठवले, ओटीपी कोणी चोरला नाही, हे दिवाणी प्रकरण. बँकेत बाई म्हणाल्या, मँडेट (खात्यातून दरमहा आपोआप पैसे कापायची परवानगी) तुमच्याच पिनने मंजूर झालंय. पिन मी १,४९९ साठी टाकला होता, त्याच स्क्रीनवर खाली दरमहा ७९९ ची मंजुरी होती, हे त्यांना दाखवलं तर "आम्ही काय करणार?" किटबद्दल अन्नाच्या कार्यालयात गेले तर सीलबंद पाकीट आणा म्हणाले, आणि पुस्तकाचं नाव काढताच "पुस्तक आमच्याकडे येत नाही." चूर्ण आयुर्वेदिक की अन्न, यावर दोन टेबलांवर दोन उत्तरं. प्रत्येकाने दुसऱ्याचा पत्ता दिला आणि पोच एकानेही दिली नाही. फसवणारा एक फोन करून १,८५० काढतो, आणि तक्रार करणाऱ्याने कामधंदा सोडून झेरॉक्स काढत फिरायचं. डबे बंद ठेवून मी बर्डीला (सीताबर्डीला) उन्हात उभी होते, तेव्हा त्यांची नवी जाहिरात फोनवर येतच होती.

कायदा नाही असं नाही, हे नंतर स्वतः वाचून कळलं. न निवडलेली वस्तू बिलात घुसवणं, खोटी घाई करणं, सबस्क्रिप्शनच्या सापळ्यात अडकवणं, हे सगळं केंद्राच्या २०२३ च्या 'डार्क पॅटर्न'च्या, म्हणजे ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या युक्त्यांविरुद्धच्या, मार्गदर्शक तत्त्वांनी बंद केलेलं आहे. लठ्ठपणा बरा करायचं औषध म्हणून जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिरात) कायद्याची बंदी आहे. लठ्ठपणा त्याच्या यादीतच आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात शिक्षा आहे. टेबलापलीकडच्या माणसाला हे माहीत असायला हवं होतं. मला कशाला शोधायला लावलं?

ज्यांचे पैसे अजून कापले जात आहेत त्यांनी आधी यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' उघडून ते रद्द करा, मग भांडा. कापायच्या चोवीस तास आधी संदेश येतो, पण त्यात नाव पुस्तकाचं नसतं, कुठल्या तरी भलत्याच फर्मचं असतं. म्हणून तो सुटतो. पैसे नुकतेच गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, आणि विकणारा कुठल्याही गावचा असला तरी तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षं.

पुस्तकावर आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) आहे म्हणून विश्वास ठेवू नका, तो क्रमांक कोणालाही मिळतो, आतला मजकूर कोणी तपासत नाही. लेखकाच्या नावापुढे 'वेलनेस कोच' असेल तर आहारशास्त्रातली पदवी विचारा. पुस्तकात ग्रॅम, किती जणांसाठी आणि तेलाचं माप, या तीनही गोष्टी हव्यात. यांपैकी एक जरी नसेल तर परत करा. विकत घ्यायचंच असेल तर बर्डीच्या दुकानात हातात धरून एक पाककृती मोजा, कॅल्क्युलेटर फोनमध्येच असतो.

फुकट मिळणारी चांगली गोष्ट १,४९९ च्या पुस्तकाआड लपली, हेही सांगायला हवं. राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची आहार मार्गदर्शक तत्त्वं इंटरनेटवर मोफत आहेत: २,००० कॅलरीच्या ताटात भाज्या ४०० ग्रॅम, डाळी ८५, धान्य २५०, तेल-तूप २७ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दिवसभरात दोन मोठे चमचे. त्यांचेच २०१७ चे अन्नघटक तक्ते आहेत, त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे, ४.१८ ने भागा. तांदळाचे १,४९१ भागले की ३५६ येतात. तर्री पोह्यात माणशी तेल निम्मं करा, तर्रीला घट्टपणा शिजलेले चणे वाटून आणा, चव राहते आणि प्लेट साडेचारशेच्या आसपास येते. शेव नको.

माझी तक्रार आयोगात दाखल झाली आहे: ६,४६५ रुपये, व्याज आणि खर्च. नागपुरात आणखी कोणाकडे असा किट आला असेल तर पाकीट फोडू नका. लेबलाचा दोन्ही बाजूंचा फोटो, पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट आणि ग्रुपमधले संदेश आजच उतरवून घ्या, कारण पैसे मागितले की ते ग्रुपमधून काढतात आणि आधीचं डिलीट करतात. एकाच विक्रेत्याकडून फसलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते.