क्रीडासंकुल व्यवस्थापनाचा सहा महिन्यांचा कोर्स: पाण्यासाठी तरी कराच

विद्यापीठाच्या क्रीडासंकुलात मी चार वर्षं काउंटर सांभाळला. किल्ल्या देणं, रॅकेटा मोजून परत घेणं, ओळखपत्रं तपासणं. त्याआधी बरीच वर्षं व्हॉलीबॉल खेळले, त्यामुळे मैदानातलं आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं. सहायक व्यवस्थापकाच्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "तलावाच्या पाण्याला वास येतोय, काय कराल?" मी म्हटलं, "क्लोरीन कमी करीन." ती जागा मिळाली नाही. मग हा कोर्स लावला.

तरणतलावाचे दोन आठवडे हा या कोर्सचा जीव आहे. सरांनी आम्हाला थेट प्लांट रूममध्ये नेलं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक परीक्षानळी दिली. पाण्यात डीपीडीची, म्हणजे क्लोरीन तपासायच्या रसायनाची, पहिली गोळी टाकली की फिकट गुलाबी रंग येतो, तो मोकळा क्लोरीन. आमचा आकडा आला 1.2 पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात 1.2 भाग. त्याच नळीत तिसऱ्या क्रमांकाची गोळी टाकली आणि रंग डोळ्यांदेखत गडद झाला: एकूण 2.0. मधला 0.8 म्हणजे घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनशी जोडला गेलेला क्लोरीन. तो झोंबरा वास आणि लाल डोळे यामुळेच. म्हणजे मुलाखतीतलं माझं उत्तर नेमकं उलटं होतं! अशा वेळी तलाव बंद ठेवून मोकळा क्लोरीन त्या जोडल्या गेलेल्या क्लोरीनच्या साधारण दहापट, इथे 8 पीपीएमपर्यंत, चढवायचा आणि पातळी उतरल्याशिवाय कुणालाही पाण्यात सोडायचं नाही. पोहण्याआधी शॉवर घ्या हा नियम का असतो, तेही तेव्हा पटलं. चार वर्षं मी ती पाटी नुसती पुसत होते. हायपोक्लोराइट आणि आम्लाचे कॅन शेजारी ठेवायचे नाहीत, कारण दोन्ही मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, हे सरांनी इतक्यांदा बजावलं की आता झोपेतही आठवेल.

लाकडी कोर्टाचा भागही चांगला आहे. मेपलच्या फळ्यांना हवेतली आर्द्रता 35 ते 50 टक्के मानवते. त्याहून वाढली की फळ्या फुगतात, कडा वर येतात. मी आधी काम करत होते तिथे कोर्ट बादलीभर पाण्याने पुसायचे. टाचेखाली त्या कडा जाणवायच्या आणि आम्ही लाकूड हलकं निघालं म्हणून समजूत घालायचो.

इतिहासाचं एकच व्याख्यान होतं, पण लक्षात राहिलं. 1913 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन आणि ओहायो स्टेट या विद्यापीठांनी अंतर्गत, म्हणजे आपल्याच विद्यार्थ्यांमधल्या, खेळांसाठी वेगळे संचालक नेमले. 1950 मध्ये विल्यम वॉसन यांच्या पुढाकाराने 11 कृष्णवर्णीय महाविद्यालयांतली माणसं एकत्र आली आणि महाविद्यालयीन क्रीडा-मनोरंजन सांभाळणाऱ्यांच्या आजच्या निर्सा या संघटनेची सुरुवात झाली. संघात निवड न झालेल्या विद्यार्थ्यालाही खेळता यावं म्हणून कुणीतरी पूर्णवेळ राबायचं, या कामाला एवढी जुनी परंपरा आहे हे ऐकून मला फार बरं वाटलं.

आता तक्रार. माणसांच्या भागात कोर्स कच्चा आहे. संध्याकाळी सहाला बास्केटबॉल आणि बॅडमिंटनवाले एकाच हॉलवर हक्क सांगतात. अर्धवेळ काम करणारे विद्यार्थी परीक्षेच्या आठवड्यात एकदम सुट्टी मागतात. रोजची कसरत हीच, आणि त्यावर आम्हाला फक्त स्लाइड दाखवल्या. खऱ्या बुकिंगचं वेळापत्रक एकदाही बनवून घेतलं नाही. संकुलातल्या प्रत्यक्ष कामाचे 60 तास कबूल केले होते, मिळाले 40. विचारलं तर "पुढच्या तुकडीत भरून काढू" म्हणाले. हे मला अजिबात आवडलं नाही.

तरीही पाचपैकी चार तारे देते. नुसते खेळाडू असाल आणि या क्षेत्रात शिरायचं असेल, तर जरूर करा. काउंटरचा अनुभव असेल तर आणखी उपयोग होईल. मात्र प्रत्यक्ष कामाचे तास प्रवेशाच्या वेळीच लेखी घ्या. पुढच्या मुलाखतीत मला पुन्हा पाण्याचंच विचारलं. या वेळी मी आधी दोन गोळ्या मागितल्या.