फोनपेवर कॉलेजचं नाव नव्हतं, तरी मी पिन टाकला

एकूण 71,000 रुपये. फॉर्म भरायचे 2,000, सीट धरून ठेवायचे 15,000 रोख, कॉलेजची फी म्हणून 45,000 आणि शिष्यवृत्तीची फाइल पुढं सरकवायला 9,000. कॉलेजात यातले फक्त 20,000 पोहोचले. वरचे 51,000 प्रवेश करून देतो म्हणणाऱ्या सेंटरवाल्यानं खाल्ले आणि माझ्या पोरीचं एक वर्ष गेलं. नातेवाइकांत अजून कुणाला पूर्ण आकडा सांगितलेला नाही, लाज वाटते. पण दरवर्षी जूनपासून पुन्हा हाच बाजार भरतो, म्हणून लिहितो.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, 5 एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. मुलगी 2024 ला बारावी झाली. सीईटीत 68 पर्सेंटाइल. तालुक्याला स्टँडजवळ ऑनलाइन सेंटर चालवणाऱ्या त्या माणसाकडं अख्खा गाव जातो. उत्पन्नाचा दाखला, पीएम किसान, नॉन क्रिमिलेअर, सगळं त्याच्याकडूनच. 1 रुपयाचा पीक विमा भरताना त्यानं माझ्याकडून वर एक पैसा मागितला नव्हता. मग अशा माणसावर मी विश्वास ठेवला, तर मला मूर्ख का म्हणता? मी बारावी शिकलोय, ग्रामपंचायतीत सदस्य होतो, कागद वाचता येतो मला.

कॅप म्हणजे सीईटीच्या गुणांवर जागा देणारी सरकारची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया. तो म्हणाला, "काका, कॅपमधी काही खरं नाही. नंबर लागला तं कुठं कोकणात लागन, पोरीले एवढ्या दूर धाडता का? अमरावतीत आपली ओळख आहे. मॅनेजमेंटची सीट घेऊ. फी आता भरा, मुलींले शंभर टक्के माफी झाली ना, सारी खात्यात वापस येते."

यातलं एक वाक्य खरं होतं, म्हणूनच मी फसलो. 8 जुलै 2024 चा शासन निर्णय आहे. ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसीतल्या, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. पण त्याच निर्णयात लिहिलंय की प्रवेश कॅपमधूनच पाहिजे. मॅनेजमेंट कोटा किंवा संस्थास्तरावरच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागेला एक रुपया मिळत नाही. हे त्याला माहीत नव्हतं? रोज शंभर फॉर्म भरणाऱ्याला? त्यानं माझ्या मुलीचा कॅपचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीचा फॉर्म, भरलाच नव्हता. लॉगिनला मोबाइल नंबर त्याचा, पासवर्ड त्याच्याकडं, ओटीपी त्याच्याकडं. शेजारच्या गावातल्या 64 पर्सेंटाइलच्या मुलीला त्याच वर्षी कॅपमधून अमरावतीतच जागा मिळाली, शिक्षण फी शून्य. आमच्यापेक्षा चार पर्सेंटाइलनं कमी! हे आठवलं की रात्री उठून बसतो. लॉगिनला नंबर मुलीचाच पाहिजे, सेंटरवाल्याचा कधीही नाही.

आता तो दिवस. ऑगस्टमध्ये घरात ठेवलेली 4 क्विंटल तूर काढली, 42,000 आले. वरचे 3,000 बायकोच्या बचत गटातून. ते खात्यात टाकून त्याच्या दुकानात गेलो. त्यानं क्यूआर पुढं केला. मी स्कॅन केला, रक्कम टाकली आणि स्क्रीनवर नाव आलं एका बाईचं. मुलगी शेजारीच उभी होती. म्हणाली, "बाबा, हे नाव कॉलेजचं नाही दिसत."

तो लगेच म्हणाला, कॉलेजचं खातं दोन दिवस बंद आहे, मी इथून आरटीजीएस करतो. आणि मी? चार लोकांसमोर पोरीवर ओरडलो. "तुले जास्त समजते का?" आणि पिन टाकला. ते नाव दिसल्यापासून पिन टाकेपर्यंत दहा सेकंद तरी होते माझ्याकडं. लाइट गेली नव्हती, नेटवर्क होतं, चष्मा डोळ्यावर होता. पोरीला दिसलं ते मलाही दिसलं होतं. तिचं ऐकलं असतं तर 45,000 वाचले असते. ती आजवर मला एका शब्दानं बोलली नाही.

पावती म्हणून जे दिलं ते कॉलेजच्या नावाचं छापील पान, पावती क्रमांक नाही, सही नुसती रेघ. कॉलेजच्या कॅश काउंटरवरची क्रमांकाची पावती हातात आल्याशिवाय पैसे दिले असं समजूच नका.

डिसेंबरात महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा, अर्ज भरायला मुलगी कॉलेजच्या बाबूकडं गेली तेव्हा सगळं उघडं पडलं. प्रवेश संस्थास्तरावरचा, योजनाच दिसणार नाही. जमा 20,000, पूर्ण फी 84,000, तर उरलेले 64,000 आणा. प्रवेश रद्द करतो म्हटलं तर मुदत गेली होती. मुदतीत रद्द केला असता तर जास्तीत जास्त 1,000 कापून बाकी परत मिळाले असते, तसा नियमच आहे. त्यामुळं शिष्यवृत्तीचं काय ते सप्टेंबरातच कॉलेजात जाऊन विचारा, डिसेंबरची वाट पाहू नका. वर त्यांनी मूळ टीसी अडवून धरली. मूळ कागद अडवायचा कॉलेजला अधिकार नाही, एआयसीटीईचं, म्हणजे तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचं, तसं स्पष्ट सांगणं आहे. ते लेखी अर्जात टाकल्यावर आणि तीन चकरा मारल्यावर टीसी मिळाली. 20,000 बुडाले ते बुडालेच.

पोलीस ठाण्यात गेलो. "तुमीच पैशे देल्ले ना? हात धरून तं नाही घेतले. हे दिवाणी आहे, वकील करा." दुसऱ्यांदा गेलो तर म्हणाले, कॉलेज अमरावतीचं आहे, तिकडं जा. अमरावतीत गेलो तर म्हणे पैसे तुमच्या तालुक्यात दिले, तिकडंच जा. एका खेपेचा खर्च, मजुरी धरून 900 रुपये. खोटं बोलून पैसे काढणं दिवाणी कसं होतं? शिष्यवृत्तीच्या कार्यालयात म्हणाले पोर्टल आमचं, प्रवेश आमचा नाही. प्रवेशाच्या कार्यालयात म्हणाले एजंट आमचा नाही. कॉलेज म्हणालं आम्ही त्याला ओळखत नाही, आणि मुलीनं त्याला त्यांच्याच ऑफिसात चहा पिताना पाहिलंय! मग नेमका कुणाचा आहे तो? माझा तर नव्हता. एका साहेबानं अर्ज घेतला पण पोच द्यायला नकार दिला. पोच नाही तर अर्ज परत मागा, तिथंच, उभ्या उभ्या.

नंतर एका वकिलानं सांगितलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणं दखलपात्र गुन्हा कुठंही घडला असला तरी कोणत्याही ठाण्याला माहिती घ्यावीच लागते. नाही घेतली तर तीच लेखी, टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवायची. मी रजिस्टर पोस्टानं पाठवलीय. ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा. मी चार महिन्यांनी केला, तोवर त्या खात्यात काय राहणार?

पुढच्या वर्षी मुलीनं ऑप्शन फॉर्म स्वतः भरला, स्वतःच्या मोबाइलवरून. मी शेजारी बसलो होतो, बोललो नाही.

त्याच माणसाकडं पैसे दिलेले आणखी दोघं मला भेटले, एकाचे 38,000, एकाचे 60,000. दोघंही बदनामीला भितात. आर्णी, दिग्रस, दारव्हा भागात तुमचेही असेच गेले असतील, तर त्या बाईच्या नावाचा स्क्रीनशॉट डिलीट करू नका आणि पुढं या. एका शेतकऱ्याच्या तक्रारीला ते दिवाणी म्हणतात. दहा जण एकाच दिवशी ठाण्यात जाऊ.