लॅब की कारवान? साताऱ्याच्या पावसात दोन्ही सांभाळल्यावर

साताऱ्यात कुत्रं घ्यायचं ठरवलेल्या माणसाच्या डोक्यात हल्ली बहुतेक दोनच नावं असतात: लॅब्रॅडॉर म्हणजे लॅब, नाहीतर कारवान, म्हणजे कर्नाटकातल्या मुधोळकडची ती सडपातळ शिकारी जात, जिला मुधोळ हाउंडही म्हणतात. लॅब पुण्याच्या नातेवाइकांकडे बघितलेला असतो आणि कारवान जत-अथणीकडे कुणाच्या तरी वस्तीवर. आमच्या शाहूपुरीच्या घरात दोन्ही राहिली. बंडू नावाचा पिवळा लॅब पिल्लू म्हणून आला आणि म्हातारा होऊन गेला. आता रेवा ही कारवान मादी आहे. ओळखीतले लोक सल्ला विचारायला येतात तेव्हा मी आधी त्यांच्या घराबद्दल विचारतो. अंगण आहे की नुसती गॅलरी? दिवसा घरी कोण असतं? आणि जून ते सप्टेंबर कपडे कुठं वाळत घालता?

शेवटच्या प्रश्नावर लोक थबकतात. माझ्या मते निम्मा निर्णय तिथंच होतो. पण त्याकडे येण्याआधी बाकीचं बोलून घेऊ.

स्वभावात लॅबला तोड नाही, हे मी आजही म्हणेन. घरात लहान मुलं आहेत, माणसांचा राबता आहे, तर लॅब सगळ्यांचा होऊन राहतो. शेजारची पोरं बंडूच्या अंगावर लोळायची, त्याच्या तोंडातून चेंडू ओढून काढायची, तो कधी गुरगुरला नाही. गावाला जायचं झालं की त्याला मेहुणीकडे सोडायचो. आम्ही फाटकाबाहेर पडेपर्यंत तो तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलेला असायचा. कारवानचं तसं नाही. रेवा घरच्यांवर जीव टाकते, त्यातही माझ्या आईवर जास्त, पण परक्याचा हात तिला सोसत नाही. चावत नाही, अंग चोरून मागे सरकते. तिला दुसऱ्याच्या घरी ठेवलं तर जेवण सोडते. त्यामुळे लग्नकार्याला आमच्यापैकी कुणीतरी एक जण मागे राहतो. ज्यांचं सारखं येणं-जाणं असतं त्यांनी एवढी एक गोष्ट नीट तोलून बघावी.

खाण्याच्या बाबतीत दोन टोकं. लॅबची भूक भागत नाही आणि त्यात त्याचा दोष नसतो. 2016 मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की बऱ्याच लॅब्रॅडॉरमध्ये, साधारण चारांत एकामध्ये, पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे पोट भरल्याची जाणीव नीट होत नाही. म्हणजे घरातल्या आजीने मायेने टाकलेली प्रत्येक चपाती अंगावर जमते. मग भार पडतो तो मागच्या सांध्यांवर, आणि खुब्याचं दुखणं तर या जातीत मुळातच असतं. बंडू म्हातारा झाला तेव्हा गुळगुळीत फरशीवरून त्याला उठता येईना, म्हणून आम्ही घरभर सतरंज्या अंथरल्या होत्या. रेवा मोजकं खाते. दूध-भाकरी, अंडं, उकडलेलं चिकन. पोट भरलं की ताटली तशीच सोडून जाते. तिच्या मागच्या दोन-तीन फासळ्या दिसतात आणि येणारा-जाणारा विचारतो की कुत्रीला खायला घालत नाही का. कारवानची ठेवणच तशी आहे. लोकांच्या बोलण्यावरून तिला खाऊ घालत सुटू नका.

आता पावसाळा.

लॅबचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर गारठलेल्या समुद्रात काम करायचे. त्यासाठी त्याच्या अंगावर केसांचे दोन थर आहेत. वरचा राठ आणि तेलकट, खालचा मऊ आणि दाट. तिकडच्या थंड पाण्यात हे मोठं वरदान. साताऱ्यात यवतेश्वरच्या डोंगरावरून ढग खाली उतरले की दिवसचे दिवस ऊन दिसत नाही, भिंतींना ओल धरते, आणि त्या दिवसांत तो खालचा थर वाळतच नाही. बंडूला पाण्याचं वेड. रस्त्यात डबकं दिसलं की तो त्यात बसणार म्हणजे बसणार. फिरवून आणला की मी टॉवेलने खसाखसा पुसायचो, हेअर ड्रायरसुद्धा लावून बघितला. वरून हात फिरवला तर कोरडा, बोटं आत घातली की ओल. दुपारपर्यंत त्या ओलीला कुबट वास सुटायचा आणि संध्याकाळी पुन्हा फेरी ठरलेली. आषाढ निम्मा होईपर्यंत सोफा, सतरंज्या, गाडीच्या सीटा, सगळ्याला तोच वास. फेरी चुकवावी तर एवढ्या अंगापिंडाचं कुत्रं घरात कोंडून कसं ठेवणार?

वासाची माणसाला सवय होते, मलाही झाली असती. पण ओल कातडीत उतरते. केसांच्या आत एखादी जागा लाल होते, कुत्रं ती चाटत राहतं आणि रात्रीतून तिथं तळहाताएवढा ओला चट्टा पडतो. मग डॉक्टर आजूबाजूचे केस भादरून मलम देतात. कानांचं दुखणं त्याहून वाईट. लॅबचे कान पडलेले, आत हवा खेळत नाही. दमट दिवसांत काळपट मळ साठतो, मग खाज, मग मान झटकणं, मग पू. आमच्याकडे श्रावण आणि कानाचं औषध हे समीकरणच झालं होतं. जो बंडू पोरांनी शेपूट ओढली तरी हूं की चूं करत नसे, तो औषधाची बाटली दिसली की पलंगाखाली जायचा आणि कानाजवळ हात नेला की कण्हायचा. दरवर्षी ते बघणं मला फार जड गेलं. तो गेल्यावर पुन्हा कुत्रं आणायचा विषय निघाला तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी ते कान आले.

पावसाळ्याचीच दुसरी बाजू म्हणजे गोचीड. दाट केसांत गोचीड शोधायची तर बोटांनी चाचपत बसावं लागतं, आणि एखादी तरी निसटतेच. गोचीड ताप, म्हणजे एर्लिकिया किंवा बबेसिया, हा हसण्यावारी न्यायचा आजार नव्हे. कुत्रं खाणं सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, रक्तातल्या प्लेटलेट उतरतात आणि उशीर झाला तर जीव जातो. रेवाचे केस इतके आखूड आहेत की कातडी जवळजवळ उघडीच दिसते. तिच्या अंगावर गोचीड चढली तर ती दारातच नजरेला पडते. आणि ओल? आईचं जुनं सुती लुगडं फाडून ठेवलंय. त्याचा एक फडका डोक्यापासून शेपटीपर्यंत फिरवला की कुत्री कोरडी. कारवानचे कानही पडलेलेच असतात, पण पातळ आणि आखूड केसांचे. तिच्या कानासाठी पावसाळ्यात दवाखान्याची पायरी अजून चढावी लागलेली नाही. सगळ्याच कारवानांचं असं असेल असा माझा दावा नाही, आणि मन लावून निगा राखणाऱ्याच्या घरी लॅबचे कानही स्वच्छ राहत असतील. मी माझ्या घरातलं सांगतोय.

पण एक सांगायलाच हवं. रेवाला पाऊस आवडत नाही. सर आली की ती उंबऱ्यावर उभी राहते आणि माझ्याकडे बघते. छत्री धरून तिला आडोशाला न्यावं लागतं, आणि पाऊस थांबेपर्यंत तिने दाबून धरल्याचेही प्रसंग आहेत. थंडीतही तिला जपावं लागतं. डिसेंबरमध्ये आईची एक गोधडी कायमची तिच्याकडे असते. कातडी पातळ, त्यामुळे काटेरी तारेला घासली तरी फाटते आणि टाके पडतात.

कारवानची खरी अडचण मात्र तिच्या डोळ्यांत आहे. ही वासावर नाही, नजरेवर शिकार करणारी जात. लांबवर मुंगूस किंवा मांजर हललं की ती सुटते आणि मग तुमची हाक तिच्या कानावर जात नाही. अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर सकाळी कितीही सामसूम असली तरी मी तिला कधी मोकळी सोडत नाही. साधा पट्टाही चालत नाही, कारण कारवानचं डोकं मानेपेक्षा फार मोठं नसतं. मागे झटका दिला की पट्टा गळून पडतो. रुंद आणि ओढल्यावर थोडा आवळणारा पट्टा घ्या, नाहीतर छातीवरून बांधायचा. आमची कंपाऊंडची भिंत तिने पहिल्याच वर्षी ओलांडली, तेव्हा वरून जाळी लावून घेतली. कास रस्त्याला आपल्यासोबत मोकळं चालणारं, बिस्किट दाखवलं की परत येणारं कुत्रं तुम्हाला हवं असेल, तर लॅबच घ्या, मी आडवा येणार नाही. कारवानला रोज बंदिस्त जागेत पोटभर धावायला मिळालं पाहिजे. ते मिळालं की उरलेला दिवस ती झोपून काढते, अगदी घरात कुत्रं आहे हे विसरायला लावेल इतकी शांत. पण चौथ्या मजल्यावर फ्लॅट आणि आसपास मैदान नाही, अशा ठिकाणी कारवान न्यावी असं मला वाटत नाही.

राखणीसाठी कुत्रं हवं असणाऱ्यांना एवढंच सांगतो की लॅब चोराचंही शेपूट हलवून स्वागत करेल. कारवान उगाच भुंकत नाही, पण फाटकाशी काही वेगळं असलं की तिला लगेच कळतं. साताऱ्याला राखणदार कुत्र्याची कदर जुनी आहे. शाहू महाराजांचा जीव वाघापासून वाचवणाऱ्या खंड्या कुत्र्याची कथा इथं घरोघरी सांगतात आणि संगम माहुलीला त्याचं स्मारक आजही दाखवतात. मात्र जावळी-पाटणकडे शेतघर असेल तर कुठलंही कुत्रं रात्री अंगणात साखळीला बांधून ठेवू नका. बिबट्याला ते आयतंच सापडतं.

डॉक्टरांबाबत एक खुलासा. कारवानच्या अंगावर चरबी फार कमी असते, त्यामुळे भुलीची काही औषधं तिच्या शरीरातून सावकाश उतरतात. नसबंदी किंवा टाके घालायची वेळ आली तर जात कोणती हे आधीच स्पष्ट सांगा. मोठं काही निघालं तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्या जिल्ह्यातच आहे. रेबीजची लस आणि पावसाळ्याआधी लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची लस दोघांनाही सारखीच लागते, त्यात फरक नाही.

पिल्लू मिळवण्यात लॅब सोपा वाटतो, कारण तो सगळीकडे विकत मिळतो. त्याचाच मला धाक वाटतो. आई-बाप दाखवत नसतील तर पिल्लू घेऊ नका, आणि जमल्यास त्यांच्या खुब्याचे एक्स-रे मागा. 2017 च्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. कारवानसाठी मिरजेवरून अथणी, जमखंडी करत मुधोळ गाठता येतं. तिथल्या संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जपली आणि पंचम जॉर्ज बादशहाला तिची जोडी भेट दिली. मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीचं सरकारी संशोधन केंद्र आहे. 2005 मध्ये टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढलं आणि पुढं लष्कराने मेरठला तिचं प्रशिक्षण सुरू केलं. हे सगळं झाल्यावर मागणी वाढली आणि सडपातळ दिसणारं कुठलंही पिल्लू मुधोळ म्हणून विकलं जाऊ लागलं. म्हणून स्वतः जा आणि आई-बापांना पळताना बघा. कागदावर कारवान हाउंड असेल किंवा मुधोळ हाउंड, कुत्र्यांची नोंदणी करणाऱ्या दोन वेगवेगळ्या क्लबांनी वापरलेली ती नावं आहेत, त्यावरून घाबरायचं कारण नाही.

गल्लीतलं गावठी पिल्लू घरी आणणाऱ्याला मी दोन्ही हातांनी नमस्कार करेन. इथली हवा त्याला जन्मापासून मानवलेली असते. फक्त ते मोठं होऊन कसं निघेल याचा आधी अंदाज येत नाही, आणि जातीचा आग्रह नसलेल्या माणसाने तर या तुलनेत वेळच घालवू नये.

घरात दहा वर्षांखालचं मूल, वर्दळ, फ्लॅट आणि सुट्ट्यांचं फिरणं असेल तर लॅब तुम्हाला सुख देईल. त्याचे कान दर आठवड्याला कोरड्या कापसाने पुसायची तयारी ठेवा आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून त्याचं ताट मोजून ठरवा. पण भिंतीला जाळी लावता येत असेल, घरात कायम कुणीतरी असेल आणि तुम्ही साताऱ्यात, मेढ्यात किंवा महाबळेश्वरच्या उतारावर राहत असाल, तर माझा कल कुठं आहे हे तुम्हाला कळलंच असेल. आमच्या घरी पुन्हा कधी पिल्लू आलं तर ते कारवानच असेल.

दोन्हीपैकी काहीही ठरलं तरी पिल्लू पावसाळ्यात आणू नका. बाहेर जाऊन शी-शू करायची सवय भर पावसात लागत नाही, आणि लस पूर्ण न झालेल्या पिल्लाला चिखलात पार्वो या जीवघेण्या विषाणूचा धोका असतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आणा. संक्रांत होईपर्यंत लसी पूर्ण होतात, उन्हाळाभर रस्त्याची आणि पट्ट्याची सवय होते, आणि पुढचा जून येईपर्यंत ते पुसून घ्यायलाही शिकलेलं असतं. कारवानचं पिल्लू आणणार असाल तर त्या पहिल्या थंडीसाठी एक जुनी गोधडी आधीच बाजूला काढून ठेवा.