अँड्रॉइड सोडून आयफोन १७: फोन आवडेल, बदली जड जाईल

ऑनलाइन एक्स्चेंजमध्ये डिलिव्हरीवाला दारात नवा डबा हातात देतो, जुन्या फोनची काच उजेडात तिरपी धरून बघतो, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) जुळवतो आणि त्याच पावली जुना फोन घेऊन लिफ्टमध्ये शिरतो. एका अँड्रॉइडवरून दुसऱ्या अँड्रॉइडवर जाणाऱ्याचं यात फारसं बिघडत नाही. बॅकअप गूगल ड्राइव्हवर असतो, तो नव्या फोनवर उतरतो. आयफोनवर जाणाऱ्याची मात्र इथेच पंचाईत होते, कारण व्हॉट्सॲपचा ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोनवर उतरवताच येत नाही. चॅट हलवायच्या तर दोन्ही फोन एकाच वेळी, शेजारी शेजारी, चार्जरला लावलेले हवेत. तेव्हा अशी ऑफर कितीही घसघशीत दिसली तरी आयफोनसाठी ती घेऊ नका. जुना फोन आठवडाभराने वेगळा विका, दोन-तीन हजार कमी आले तरी चालतील.

आता फोनबद्दल. आयफोन १७ सप्टेंबर २०२५ मध्ये आला, २५६ जीबीची किंमत ८२,९०० रुपये. ६.३ इंची स्क्रीन, १२० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला १२० वेळा ताजं होणारं चित्र), वजन १७७ ग्रॅम. मागे ४८ मेगापिक्सेलचे दोन कॅमेरे. साध्या आयफोनला १२० हर्ट्झ पहिल्यांदाच मिळालं, आणि अँड्रॉइडवरून येणाऱ्यासाठी हाच मोठा मुद्दा आहे. आयफोन १६ आता स्वस्तात मिळतो, दुकानदार तोच पुढे सरकवतात. पण त्याची स्क्रीन ६० हर्ट्झची. पंधरा-वीस हजारांच्या अँड्रॉइडवर ९० किंवा १२० हर्ट्झची सवय लागलेल्या डोळ्यांना १६ वर यादी सरकवताना अक्षरं फरफटल्यासारखी दिसतात. जुन्या आयफोनवाल्याला ते जाणवणार नाही, तुम्हाला पहिल्याच दिवशी खटकेल. १६ घेऊच नका.

कॅमेऱ्याच्या हौसेसाठी उडी मारणाऱ्यांनी जरा थांबावं. व्हिडिओ आयफोनचा उजवा, यात वाद नाही. पण आयफोन १७ ला टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी वेगळी लेन्स) नाही, २एक्स मिळतो तो ४८ मेगापिक्सेलच्या सेन्सरचा मधला भाग कापून. शाळेच्या गॅदरिंगला मागच्या रांगेतून स्टेजवरचं आपलं पोर टिपायचं असेल, तर जवळपास त्याच किमतीचा सॅमसंग गॅलेक्सी एस२५ (जानेवारी २०२५, १२ जीबी रॅम आणि २५६ जीबी, आला तेव्हा ८०,९९९ रुपये) ३एक्स टेलिफोटोमुळे पुढे जातो. वजनही १६२ ग्रॅम, म्हणजे लोकलमध्ये एका हाताने वर कडी धरून दुसऱ्या हाताने वापरायला सोपा. अपडेटचं म्हणाल तर सॅमसंगने सात वर्षांचा शब्द दिलाय. ॲपल आपल्याकडे असा आकडा छापत नाही, पण २०१९ चा आयफोन ११ आयओएस २६ ही २०२५ ची प्रणाली चालवतो, यावरून अंदाज यावा.

चार्जर डब्यात नाही, फक्त केबल. ती दोन्हीकडे टाइप-सी, त्यामुळे जुन्या चौकोनी यूएसबी खाचेच्या चार्जरला लागतच नाही. जुन्या चार्जरवर मोठ्या अक्षरात ६७ किंवा ८० वॉट लिहिलेलं असतं, ते त्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचे वॉट. आयफोनला पीडी, म्हणजे पॉवर डिलिव्हरी ही अनेक कंपन्यांची सामाईक चार्जिंगची पद्धत लागते. चार्जरच्या पोटावरची बारीक अक्षरं वाचा: पीडीच्या ओळीत ९ व्होल्ट, ३ अँपिअर दिसलं तर २७ वॉट मिळतील, काम झालं. नुसतं ५ व्होल्ट, २ अँपिअर असेल तर दहा वॉट, म्हणजे रात्रभराची निश्चिंती. ॲपलचा आकडा वीस मिनिटांत ५० टक्क्यांचा आहे, पण त्यासाठी ४० वॉटचा किंवा त्याहून मोठा चार्जर लागतो.

इथवर फोन. खरी कसोटी पुढे आहे, आणि ती चुकीच्या क्रमाने केली की चोवीस ते बहात्तर तास अडकायला होतं.

सुरुवात सिमपासून. आपल्याकडे मिळणाऱ्या आयफोन १७ ला सिमची खाच एकच, दुसरा नंबर ई-सिमवर (फोनच्या आतच असलेलं, प्लॅस्टिकचं नसलेलं सिम). दोन प्लॅस्टिक सिम वापरणाऱ्याला एक नंबर ई-सिमवर न्यावाच लागतो. जिओ, एअरटेल, व्हीआय तिघेही ते करून देतात. गोम अशी की सिम बदललं की त्या नंबरचे एसएमएस, येणारे आणि जाणारे दोन्ही, चोवीस तास बंद राहतात. सिम स्वॅपच्या (तुमच्या नंबरचं सिम चोराने परस्पर काढण्याच्या) फसवणुकीला आळा घालण्यासाठी दूरसंचार विभागाचा हा नियम आहे. ज्या नंबरवर बँकेचे ओटीपी येतात तोच ई-सिमवर नेलात, तर चोवीस तास ना ओटीपी, ना यूपीआय. म्हणून बँकेचं सिम जुन्यातून काढून जसंच्या तसं नव्यात घाला. त्याला सिम बदल म्हणत नाहीत, एसएमएस लगेच चालू. ई-सिमवर दुसरा नंबर न्या, तोही बँकेचं सगळं मार्गी लागल्यावर.

पण सिम हलवण्याआधी व्हॉट्सॲप. जुन्या फोनवर ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप घ्या. आयफोन कोरा असला पाहिजे. सेटअप संपवून होम स्क्रीनवर पोहोचलात तर ‘अँड्रॉइडवरून आणा’ हा पर्याय मागे पडतो आणि फोन पुन्हा पुसावा लागतो. दुकानातला उत्साही पोरगा ‘सर, सेटअप करून देतो’ म्हणतो, त्याला तिथेच थांबवा. आयफोनवर कोड येतो, तो जुन्या फोनवर टाकायचा. काय न्यायचं त्या यादीत व्हॉट्सॲपवर बोट ठेवलं की जुन्या फोनवर व्हॉट्सॲप उघडतं, ‘स्टार्ट’ म्हणायचं, ते आपला डेटा बांधतं आणि तिथून लॉगआउट होतं. मग बाकीचं सामान जातं. आयफोनवर व्हॉट्सॲप घेऊन त्याच नंबराने आत शिरलं की पुन्हा ‘स्टार्ट’. इथे घाई करून नव्याने खातं सुरू केलंत आणि दोन-चार मेसेज टाकलेत, तर जुन्या चॅट त्यात मागाहून मिसळता येत नाहीत. कॉलची यादी येत नाही, ते धरून चला.

मध्येच तुटतं ते बहुधा दोन कारणांनी. आयफोन स्वतःचं तात्पुरतं वाय-फाय उभं करतो आणि त्यावर इंटरनेट नसतं. इंटरनेट नाही म्हणून अँड्रॉइड हुशारी करून मोबाइल डेटावर उडी मारतो आणि दोर तुटतो. सुरू करण्याआधी मोबाइल डेटा बंद करा, वाय-फाय आपोआप बदलण्याची सेटिंगही बंद करा. दुसरं म्हणजे जुन्या फोनची स्क्रीन झोपते किंवा मध्ये फोन येतो. स्क्रीन जागी ठेवा, फोन बाजूला ठेवून द्या. व्हॉट्सॲपमध्ये चाळीस-पन्नास जीबी साठलेले असतील (सोसायटीच्या ग्रुपमधले गुड मॉर्निंग धरून), तर तासांचं काम आहे. आदल्या रात्री व्हॉट्सॲपच्या स्टोरेजमध्ये जाऊन मोठे व्हिडिओ काढून टाकले तर निम्मा वेळ वाचतो.

फोटो या मार्गाने नेण्याचा अट्टहास नको. ते गूगल फोटोजवर असतील तर आयफोनवर तेच ॲप टाका, सगळे दिसतात. आयक्लाउडचे फुकट ५ जीबी व्हॉट्सॲपच्या पहिल्याच बॅकअपला भरतात. महिना ७५ रुपयांत ५० जीबी मिळतात. हा खर्च धरूनच हिशेब मांडा. नंबर जुन्या फोनमध्ये ‘डिव्हाइस’ किंवा सिमवर सेव्ह असतील तर आधी गूगल खात्यात हलवा. नंतर आयफोनवर जीमेल जोडलं की येतात. दुप्पट झाले तर संपर्कांच्या ॲपमध्येच एकत्र करता येतात.

मग यूपीआय. अँड्रॉइडवर ॲप नंबर पडताळायचा एसएमएस स्वतःच पाठवून मोकळं होतं. आयफोन ते करू देत नाही: मेसेजची खिडकी उघडते, त्यात न समजणारा लांबलचक कोड असतो, पाठवायचं बटण तुम्ही दाबायचं. एक अक्षरही बदलू नका. दोन नंबर असतील तर वरच्या ओळीत कुठल्या नंबरावरून जातोय ते आधी बघा. ‘नंबर पडताळता आला नाही’ हा निरोप बहुतेक वेळा चुकीच्या नंबरावरून एसएमएस गेल्यामुळे येतो, उरलेल्या वेळी प्रीपेड पॅकमध्ये एसएमएसच नसतो. पिन तोच चालतो, कारण तो खात्याला बांधलेला असतो, फोनला नाही. पण नव्या फोनवर पहिले चोवीस तास पाच हजारांची मर्यादा असते, आणि आयफोनवर काही बँका ती बहात्तर तासांपर्यंत ताणतात. घरभाडं किंवा शाळेची फी भरण्याच्या आदल्या दिवशी फोन बदलू नका. गूगल पेमधलं कार्ड मशीनला टॅप करायची सवय असेल तर तीही विसरा. आयफोनवर ते चालत नाही.

लोकलवाल्यांसाठी वेगळी सूचना. रेल्वेच्या रेलवन ॲपवर काढलेलं पेपरलेस तिकीट ज्या फोनवर काढलं त्यावरच दाखवायचं असतं. पास चालू असेल तर नव्या फोनवर लॉगिन करून तो तिथे स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत जुना फोन पुसू नका. टीसीला ‘फोन बदललाय’ सांगून सुटका होत नाही. तिमाही पास संपण्याच्या आठवड्यात बदली केलीत तर हा प्रश्नच येत नाही.

आता जे कायमचं हातचं जातं ते. ड्युअल मेसेंजरसारखी ॲपची दुसरी प्रत आयफोन काढून देत नाही. दुसऱ्या नंबरासाठी व्हॉट्सॲप बिझनेस टाकता येतं. मेमरी कार्ड नाही. गॅलेक्सी वॉच ४ पासून पुढची घड्याळं आयफोनशी बोलत नाहीत, म्हणजे घड्याळही विकायला काढा. एलडॅकवाले (ब्लूटूथवर जास्त बारकाईने आवाज पाठवणारी पद्धत) महागडे इअरबड्स आयफोनवर एएसी या साध्या पद्धतीवर चालतात; आवाज येतो, पण जास्तीचे पैसे ज्यासाठी मोजले ते मिळत नाही. कॉल रेकॉर्डिंग आयओएस १८.१ पासून आहे, पण ‘हा कॉल रेकॉर्ड होतोय’ असं समोरच्यालाही ऐकू येतं. इस्टेट एजंट आणि ठेकेदार मंडळी नेमकी इथेच परत फिरतात.

मराठीत रोज लिहिणाऱ्याने मुंबईत बीकेसीच्या जिओ वर्ल्ड ड्राइव्हमधल्या ॲपलच्या दुकानात किंवा जवळच्या क्रोमा, विजय सेल्समध्ये जाऊन डेमो फोनवर मराठी कीबोर्ड लावून बघावा. पाच शब्द टाइप करा: ऱ्हस्व, ॲप, ज्ञानेश्वर, वाङ्मय, कृपया. यात ‘ऱ्ह’ आणि ‘ॲ’ शोधायला किती वेळ लागला तेवढा रोज लागेल, निदान पहिला महिना. जीबोर्ड आयफोनवरही मिळतो, मात्र पासवर्डच्या जागी आयफोन स्वतःचाच कीबोर्ड पुढे करतो.

पावसाळ्यात चार्जिंगच्या खाचेत ओल शिरली की आयफोन ‘द्रव आढळला’ म्हणून केबलने चार्जिंग थांबवतो. खाच खाली करून तळहातावर हलकेच आपटा, हवेशीर जागी अर्धा तास ठेवा. पूर्ण सुकायला चोवीस तासही लागू शकतात. कापूस, काडी खुपसू नका, तांदळाच्या डब्यातही ठेवू नका. पाठ कोरडी असेल तर वायरलेस चार्जर चालतो. आयपी६८ (पाणी-धुळीपासून बचावाचा दर्जा) असलं तरी पाण्याने बिघडलेला फोन वॉरंटीत बसत नाही, हे घेतानाच लक्षात ठेवा.

काच फुटली आणि मुंबईच्या मनीष मार्केटात स्वस्तात कॉपी डिस्प्ले बसवला, तर सेटिंग्जमध्ये तो ‘अनोळखी भाग’ म्हणून कायम दिसत राहतो. विकताना घेणारा आधी तेच पान उघडतो. लोकलच्या दारात उभं राहून फोन वापरणाऱ्यांनी ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ चालू आहे ना ते बघावं. फटका मारून नेलेल्या फोनचा पासकोड चोराला माहीत असला, तरी घर-ऑफिसबाहेर त्याला ॲपल खात्याचा पासवर्ड तुमच्या चेहऱ्याशिवाय आणि तासाभराच्या थांब्याशिवाय बदलता येत नाही.

थोडक्यात, एक नंबर, घरात मॅक किंवा इतरांचे आयफोन, व्हिडिओची आवड, आणि फोन पाच वर्षं वापरायचा असेल तर घ्या. दोन व्हॉट्सॲप, सॅमसंगचं घड्याळ, झूम किंवा कॉल रेकॉर्डिंग यांपैकी दोन गोष्टी तुमच्या असतील तर एस२५ घ्या. बदली अर्ध्या दिवसात उरकेल आणि घड्याळही वाचेल.

जुना फोन विकताना फॅक्टरी रीसेटच्या आधी सेटिंग्जमधून गूगल खातं काढा, सॅमसंग किंवा शाओमीचं खातं असेल तर तेही. नुसतं रीसेट केलंत तर घेणाऱ्याच्या हातात तुमचा पासवर्ड मागणारी वीट पडू शकते, आणि रात्री दहाला तो तुम्हालाच फोन करतो. सेकंडहँड आयफोन घेणार असाल तर *#०६# दाबून आयएमईआय काढा. इंग्रजीत के-वाय-एम ही तीन अक्षरं, मग एक जागा, मग आयएमईआय असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. पैसे त्या उत्तरानंतर.