गुन्ह्याची नोंद आणि नोकरी: अर्जात सांगावं, मुलाखतीत की ऑफरनंतर?

शिक्षा भोगून झाली, हातात कसब आहे, तरी नोकरीच्या अर्जापाशी हात थबकतो. हे सांगायचं कधी? वाटा तीन आहेत.

आधी स्वतःच्या नोंदीची प्रत मिळवा. त्यात कलम, निकालाची तारीख आणि शिक्षा ताडून पाहा. निर्दोष सुटूनही खटला ‘प्रलंबित’ दिसू शकतो, नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचा गुन्हा आपल्या नावावर चढू शकतो. हे आधी दुरुस्त करून घ्या. तारीख आठवणीवर सांगितली आणि तपासणीत वेगळी निघाली, तर साधी चूकही लपवाछपवी वाटते.

अर्जात थेट प्रश्न असेल तर खरंच लिहा. खोटं उत्तर काही वर्षांनी उघड झालं तरी नोकरी जाऊ शकते. प्रश्न मात्र शब्दन् शब्द वाचा. ‘अटक झाली होती का’, ‘खटला चालू आहे का’ आणि ‘दोषी ठरला आहात का’ हे तीन वेगळे प्रश्न आहेत. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग खटल्यात म्हटलं की माहिती दडवली असं ठरवण्यासाठी फॉर्ममधला प्रश्न नेमका असायला हवा. मात्र खरं सांगितलं तरी नेमायचं की नाही याचा विचार करायला मालक मोकळा असतो, हेही त्याच निकालात आहे. ब्रिटनमध्ये 1974 च्या कायद्यानुसार ठरावीक काळ उलटल्यावर बऱ्याच जुन्या शिक्षा बहुतेक नोकऱ्यांसाठी सांगाव्या लागत नाहीत. म्हणून तुमच्याकडचा नियम आधी पाहा. फॉर्ममध्ये प्रश्नच नसेल तर बायोडेटात स्वतःहून लिहू नका. कागद वाचणाऱ्याला शंका आली तर तिचं उत्तर द्यायला तिथे तुम्ही नसता.

मुलाखतीत सांगणं बहुतेकांसाठी सर्वांत चांगलं, असं आमचं ठाम मत आहे. सुरुवातीला नको. कामाबद्दल बोलणं झालं आणि ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असं आलं की सांगा. एका मिनिटात, साधारण असं: ‘एक गोष्ट माझ्याकडूनच कळावी असं वाटतं. सहा वर्षांपूर्वी मी चोरीच्या गुन्ह्यात दोषी ठरलो. शिक्षा पूर्ण झाली आहे. त्यानंतर मी वेल्डिंग शिकलो आणि दोन वर्षं सलग त्याच कामावर आहे.’ इथे थांबा. बिघडतं ते या थांबण्यातच. समोरचा गप्प राहिला की घाबरून माणूस बोलत सुटतो, मित्रांना दोष देतो, ‘मला गोवलं’ म्हणतो, आणि मग चर्चा कामाची न राहता खटल्याची होते. शरमेने आवाज पडतो, नजर खाली जाते, आणि समोरच्याला ती टाळाटाळ वाटते. हे नुसतं मनात घोकून सुटत नाही. विश्वासातल्या माणसासमोर हीच चार वाक्यं दहादा मोठ्याने म्हणा, आवाज कापायचा थांबेपर्यंत.

ऑफरनंतरची वाट काही ठिकाणी कायद्यानेच आखली आहे. अमेरिकेतल्या हवाई राज्यात 1998 पासून खासगी मालकाला गुन्ह्याच्या नोंदीचा प्रश्न सशर्त ऑफर दिल्यावरच विचारता येतो. तिथे ही वाट बिनधास्त धरा. इतरत्र जोखीम आहे: तोवर तुमच्या बाजूने बोललेल्या साहेबालाच फसवल्यासारखं वाटतं. तरी हीच वाट घेतलीत, तर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे मालकाकडून होणारी तुमच्या पार्श्वभूमीची तपासणी, सुरू होण्याआधी सांगा.

गुन्हा आणि काम यांचा थेट संबंध असेल, म्हणजे अपहाराची नोंद आणि हिशेबाची नोकरी, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. अर्जाआधीच फोन करून अशी नोंद चालते का ते विचारा.

मधल्या रिकाम्या वर्षांचा प्रश्न तिन्ही वाटांवर येतो. ‘घरचा धंदा सांभाळत होतो’ ही थाप एका फोनवर उघडी पडते. तुरुंगात सुतारकाम, शिवण किंवा स्वयंपाकघर सांभाळलं असेल तर ते अनुभवाखाली लिहा, काय आणि किती काळ केलं त्यासकट. प्रमाणपत्र असेल तर जोडा. आणि सध्या हातात काम असेल, तर तपासणी पूर्ण झाल्याचं लेखी मिळेपर्यंत राजीनामा देऊ नका.